आणखी एक उंबरा

समोरच्या इमारतीला त्या सकाळी तोंडच नव्हतं. पाडकाम बरेच दिवस चाललं होतं, पण हिरव्या जाळीआड. धूळ यायची, ठोक्यांचे आवाज यायचे, सासूबाई खिडक्या लावून घ्यायच्या, आणि लेकीला पाजायला बसली की ती त्यातली एक गुपचूप उघडायची. आज जाळी उतरली होती. दर्शनी भिंत पुरती गेली होती आणि मागे खोल्या एकावर एक तशाच उभ्या होत्या, जणू एखाद्या उंच कपाटाचे सगळे खण कुणीतरी एकदम ओढून तसेच विसरून गेलं होतं. एक खोली गुलाबी, तिच्यावर पोपटी, तिच्या शेजारी कमरेपर्यंत निळा तैलरंग आणि वर पांढरा. तिसऱ्या मजल्यावर एक दार होतं, नीट कडी लावलेलं, आणि त्याच्या अलीकडे काहीच नव्हतं. नुसती हवा आणि एक कबुतर. खुंटीला एक टॉवेल होता. ती एकदम खिडकीकडे झुकली. त्या हिसक्याने मुंगळीने चोखायचं थांबवून डोळे वर केले. लेकीचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं; पण जन्मल्यापासून जे धरलं ते सोडायचं नाही, बोट म्हणा, केस म्हणा, चष्मा म्हणा, म्हणून ती मुंगळी. "छेद," ती लेकीला म्हणाली. "अगं, हा तर छेद आहे."

"काय आहे?" सासूबाई मागून आल्या, हातात घडी घालायचे लंगोट. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि लंगोट खांद्यावर टाकून चांगल्या टेकून उभ्या राहिल्या. "बघ म्हणजे. इतकी वर्षं समोर राहिले, कधी म्हणून आत या म्हणाले नाहीत. घ्या, आज घर बघून झालं." मग मान उंचावून, "आणि न्हाणीघर पिवळं. मला वाटायचंच." ती हसली. हसताना तिला थोडी लाजही वाटली, कारण दुसऱ्याचं घर पडताना आपल्याला हा एवढा आनंद कसला होतोय ते तिला कळेना. समोरची माणसं काही रस्त्यावर आली नव्हती. नव्या घरी जाताना सगळ्यांनी टेम्पोतून हात हलवले होते. तरी हा आनंद त्याचा नव्हता. तो जुना होता, कुठूनतरी लांबून चालत आल्यासारखा, आणि त्याच्या चपलांना वाळू होती.

लग्नाआधीचे काही हिवाळे तिने वाळवंटात काढले होते. उत्खननाच्या तुकडीबरोबर, चित्रं काढायला. पहिल्या पहाटे ट्रकच्या मागच्या फळीवरून उतरली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला फसवलं. शहर शहर म्हणतात ते कुठंय? समोर वाळू, आणि वाळूतून वर आलेल्या काही भिंतींच्या कडा, म्हाताऱ्या माणसाच्या हिरड्यांतून उरलेल्या दातांसारख्या. मग सूर्य वर आला, सगळ्या कडांनी एकदम आपापली सावली जमिनीवर टाकली, आणि गल्ल्या दिसल्या. चौक दिसला. सावल्यांनी तिच्या डोळ्यांदेखत गाव मांडलं. ती तिथेच उकिडवी बसून रडायला लागली, आणि तुकडीच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्या तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाल्या, "रडून घे पटकन. ऊन चढलं की कागद वाकतो." तिचं काम होतं घरांचे छेद काढायचं. घर वरपासून खालपर्यंत सुरीने कापलं तर आत काय काय दिसेल, ते मोजून मापून कागदावर उतरवायचं. दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा, तो डुलायचा थांबेपर्यंत श्वास धरायचा. दाढांत वाळू, वहाणांत वाळू, खोडरबरात वाळू. पेन्सिलला टोक करताना लाकडाबरोबर वाळूही सोलली जायची. आणि शांतता अशी की दुपारी डोळे मिटले तर आपलंच रक्त कानात विहिरीवरच्या रहाटासारखं वाजायचं. इतकी सुखी ती आधी कधी नव्हती. नंतरही, असं ती एकटी असताना म्हणायची आणि मग लेकीकडे बघून जीभ चावायची.

म्हणून तर हातातलं काम अडलं होतं. गावातला तरणतलाव नवा केला होता, आच्छादलेला, बारमाही. त्याच्या एका लांबच्या लांब भिंतीवर चित्र हवं होतं, आणि समितीतल्या कुणीतरी तिच्या वाळवंटातल्या चित्रांचं जुनं प्रदर्शन पाहिलेलं होतं. तलावाचे व्यवस्थापक, उंच, सडपातळ, सतत किल्ल्या वाजवणारे गृहस्थ, पहिल्याच भेटीत म्हणाले, "उत्तम कल्पना. पाण्याशेजारी वाळू हवीच." तेव्हा मुंगळी पोटात होती. आता ती रांगत होती आणि भिंत कोरीच होती. चित्रं तिने काढली, एक नाही, ढीगभर. पडके खांब, लांब क्षितिज, कमानीतून दिसणारं आभाळ. सगळी बरोबर. सगळी मुकी. व्यवस्थापकांनी एकेक पाहिलं, किल्ल्या वाजवल्या आणि म्हणाले, "एखादा उंट तरी टाका." सासूबाईंना दाखवली तर त्या बराच वेळ बघून म्हणाल्या, "सुंदर आहे गं. पण तहान लागते." नवऱ्याने नुसती तिची मान चोळली, आणि त्याचाच तिला सगळ्यात राग आला. काल संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन आला होता. आवाज मऊ, बातमी टणक. फरशीवाला मोकळा झाला आहे. उद्या दिवसभरात भिंतीवर चित्राची सुरुवात झालेली दिसली तर ठीक, नाहीतर परवापासून तो निळी फरशी बसवायला घेतो. "तुमची अडचण समजते ताई, लहान मूल आहे." ते मूल शब्दावर असे काही हळू झाले, की मूल म्हणजे एखादं दुखणं असावं. तिला त्या क्षणी भिंतीपेक्षा दुसरीच भीती वाटली. की ते बरोबर बोलताहेत. की ती वाळवंटातली, दोरी ताणून श्वास धरणारी, कुणी वेगळीच बाई होती, ती तिकडेच राहिली, आणि ही जी आहे तिला फक्त श्वास सोडता येतो, तोही लेक झोपली तर.

मुंगळीचं पिऊन झालं आणि तिने खिडकीच्या कडीचा ताबा घेतला. समोर एका मजुराने तिसऱ्या मजल्यावरचा टॉवेल काढून गळ्यात टाकला. त्या निळ्या खोलीच्या फाटक्या कडेला रंगांचे थर दिसत होते, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली पांढरा, त्याखाली पुन्हा कसलातरी निळाच, पोळ्यांची चळत उभी कापावी तसे. एका घराने किती वेळा ठरवलं असेल की आता जरा छान दिसू दे. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या मागोमाग मोठ्या बाईंचं हसणं आठवलं, जे कित्येक महिन्यांत आठवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. तिला एका घराचं दार दिलं होतं काढायला. दारात दगडी पायऱ्या होत्या, एकावर एक, मधे मातीचे थर, आणि तिने मोठ्या कष्टाने, प्रत्येक पायरीची झीज दाखवत, दिमाखदार जिना काढला. बाईंनी कागद उन्हाला धरला. "हा जिना कुठे जातो गं?"

"वर, बाई."

"वर कुठे?"

तिने पाहिलं. जिना वर गेला होता आणि सरळ चौकटीच्या माथ्यावर आपटला होता. शेवटच्या पायरीवर मांजरसुद्धा उभं राहिलं नसतं. बाई हसत सुटल्या. हसता हसता वाळूत बसल्या, आणि मग पाणी पिऊन त्यांनी तिला शेजारी बसवलं. "अगं खुळे, हा जिना नाही. हे उंबरे आहेत. वारा वाळू आणतो, बरोबर? गल्ली भरते. झाडून झाडून किती झाडणार? मग घरातली माणसं काय करतात, जुन्या उंबऱ्यावर आणखी एक उंबरा बसवतात, म्हणजे वाळू आत यायची नाही. आतली जमीनही तेवढी भरून घेतात. झालं, काही वर्षं निभावली. पुन्हा गल्ली वर येते. पुन्हा एक उंबरा. आता चौकट तर आहे तिथेच. म्हणजे दार बुटकं होत जातं. आधी फक्त उंच माणूस वाकतो, मग सगळेच वाकतात, मग म्हातारी म्हणते, मला आता आत-बाहेर करायला लावू नका. की भिंती उचलायच्या, छप्पर वर घ्यायचं, नवी चौकट. आणि खालून पुन्हा सुरू." आपल्याकडे कामासाठी लोकांचे उंबरे झिजवतात, हे तर रचतच सुटलेत, असं तिच्या तोंडून गेलं आणि बाई पुन्हा हसल्या. मग तिने विचारलं होतं, नव्या माणसाने विचारावं तसं, जरा करुण चेहरा करून, की मग ते गाव सोडून का नाही गेले? बाई उठून पाठीची वाळू झटकत म्हणाल्या, "गेले की. पण जायचंच असतं तर पहिल्याच उंबऱ्याला गेले असते. हे राहणाऱ्यांचं काम आहे." तिने जिना खोडला, उंबरे काढले, मधले थर बारीक ठिपक्यांनी भरले. चित्र अहवालात गेलं. तिने चित्र बरोबर केलं आणि गोष्ट विसरून गेली.

"चहा घेतेस का निवला की मग घेणार आहेस?" सासूबाई स्वयंपाकघरातून. लेकीला कडेवर घेऊन ती उठली. आता स्वयंपाकघराच्या दाराची एक तऱ्हा होती. मुंगळी रांगायला लागली आणि थेट शेगडीकडे निघाली, तेव्हा नवऱ्याने दारात आडवी फळी ठोकली, घोट्याच्या वर येईल एवढी. मुंगळीने ती जेमतेम पंधरवडा मानली. मग एके दिवशी पोटावर लोंबकळून पलीकडे पडली, रडली नाही, वळून फळीकडे असं पाहिलं की बस. नवऱ्याने पहिलीवर दुसरी ठोकली. परवा मुंगळीने तीही जिंकली, म्हणून काल तिसरी. घरातली मोठी माणसं हातात ताटं, दुधाची भांडी, बादल्या घेऊन दिवसभर ढांगा टाकत होती. तिने लेकीला अलीकडे सोडलं, आत जाऊन दोन्ही कप घेतले, एक पाय उचलून फळ्यांपलीकडे टाकला, आणि मागून सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, आणखी एक ठोकलीस तर मी काही या दारातून ये-जा करायची नाही. छपराला भोक पाड म्हणावं मला."

ती तशीच राहिली. एक पाय स्वयंपाकघरात, एक पाय बाहेर, मधे तीन फळ्या, दोन्ही हातांत गरम कप. खाली मुंगळीने तिच्या पायजम्याची कड धरली आणि फळीचा अंदाज घेत वर पाहिलं. समोर खोली पसरली होती. पांघरुणं, खुळखुळे, एक पाय नसलेलं कापडी अस्वल, चावलेली पावाची कड, वाळत टाकलेले लंगोट, सगळं जमिनीवर, दर सकाळी ती उचलायची आणि दर दुपारी पुन्हा तेवढंच साचायचं. आणि तिला एकदम, अगदी अंगात, कळलं की इतके महिने ती काय करत होती. ती झाडत होती. रोज उठून हे सगळं बाजूला सारून खालच्या जुन्या जमिनीशी पोचायचा प्रयत्न करत होती, जिथे ती दुसरी बाई शांतपणे ओळंबा धरून बसली आहे. आणि चित्रांतही तेच, वाळू झाडून, माणसं झाडून, नुसते स्वच्छ खांब. तहान लागणार नाही तर काय. वाळवंटातल्या त्या गावातल्या बायका तर खाली कशाला उकरत बसल्या नव्हत्या. त्यांनी आल्या वाळूवर जमीन धोपटली, चूल मांडली आणि दारात उभं राहून नवऱ्याला सांगितलं असेल, बसव आणखी एक. कडेवर पोर असेल. सासू काहीतरी बोलली असेल. खाली गेलेली जमीन खालीच होती, पक्की, वरच्या सगळ्याला धरून. हसू तिच्या पोटातून असं आलं की चहा बशीत सांडला.

"अगं, भाजेल. काय झालं?"

"आई, कपडे बदला. आपण तिघी तलावावर जातोय."

"मला पोहता येत नाही."

"पोहायचं नाही. वाकायचंय."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. सुनेच्या चेहऱ्यावर असं काही त्यांनी बाळंतपणानंतर पाहिलं नव्हतं, कदाचित आधीही नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "गुडघा दुखला तर तुझ्या नवऱ्याने चेपायचा," आणि पिशवीत लंगोट भरायला लागल्या.

तलावावर सकाळच्या बायकांची वेळ चालू होती. औषधाच्या वासाची उबदार हवा, छताला जाऊन परत येणारे आवाज, आणि त्या लांब कोऱ्या भिंतीवर पाण्यावरून उडालेला उजेड थरथरत होता. इतक्या वेळा येऊन तिने तो पाहिला नव्हता. दर वेळी ती भिंतीवर आपलं क्षितिज कुठे बसेल ते मोजत होती. आता तिने क्षितिज सोडून दिलं. भिंतीला लागून चालायची वाट होती, तिथेच खाली बसली आणि पिशवीतला कोळसा काढून टेकवला, अगदी जमिनीलगत. पहिली रेघ वाकडी गेली. ती असू दे म्हणाली, दगड काही सरळ नसतात. पहिला उंबरा. मधली वाळू तिने बोटांनी घासून भरली. त्यावर दुसरा, घोट्याशी. तिसरा, पोटरीशी. चौथा गुडघ्याशी. मग ओळंबा सोडून चौकटीच्या दोन उभ्या रेघा, आणि वर माथा, जरा कललेला, कारण त्या दाराचा तो तसाच होता, तिला न बघता आठवला, डाव्या कोपऱ्यातल्या चिरेसकट. ती मागे सरकली. दार होतं. पण त्यातून जायला किती वाकावं लागेल ते काही केल्या डोळ्यांसमोर येईना, कारण त्या दारातून जाताना कुणालाच कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आई, या दारातून आत जा."

"भिंत आहे ती."

"जवळ उभं राहून जाता असं करा. मुंगळीला घ्या कडेवर. हातात काहीतरी जड आहे असं समजा."

"ही काय हलकी आहे?" सासूबाई पिशवी ठेवून आल्या, भिंतीला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि वाकल्या. पहिल्यांदा देखाव्यासाठी वाकल्या, फोटोत वाकतात तशा. "असं नाही, आई. घाई आहे. आत दूध उतू जातंय." मग मात्र त्या खऱ्या वाकल्या, एक हात आपोआप लेकराच्या डोक्यावर गेला, चौकट लागू नये म्हणून, मान एका बाजूला, आणि ओठ काहीतरी पुटपुटायच्या बेतात. तिने श्वास धरला. धरता आला. कोळसा सासूबाईंच्या पाठीवरून, मानेवरून, त्या हातावरून भिंतीवर सरसर फिरला. मुंगळीला कोळसा हवा होता. तो मिळेना तशी ती आजीचा कान धरून बसली, तोही चित्रात आला.

पाण्यातल्या बायका कडेला येऊन लोंबकळल्या. "काय हो, काय चाललंय?" एकीने विचारलं.

"आमच्या सुनेने मला घराबाहेर काढलंय," सासूबाई वाकल्या वाकल्या म्हणाल्या, "आता आत घेतेय."

"मग आत गेल्यावर काय आहे?"

ती कोळसा घेऊन पुढे सरकली. मग दाराच्या पलीकडे, भिंतीच्या मोकळ्या भागात, तिने जमिनीची रेघ ओढली, वरच्या उंबऱ्याच्या पातळीवर, आणि त्या जमिनीखाली आधीच्या सगळ्या जमिनी, एकाखाली एक. वरच्या जमिनीवर चूल. चुलीशी उकिडवा पुरुष, दगड घासत बसलेला, पुढच्या उंबऱ्यासाठी. त्याचं नाक तिच्या नवऱ्याच्या नाकावर गेलं, त्याला इलाज नव्हता. "माझं पण घ्या," ती पाण्यातली बाई म्हणाली, "मी छपरावर बसते. मला वाकता येत नाही." दुसरी म्हणाली, "हिला घेतलंत तर छप्पर जाड दाखवा." ती काढत गेली. पदर नसलेल्या, नाव नसलेल्या बायका पाण्यातून निथळत वर येत होत्या, क्षणभर ओल्या पायांनी उभ्या राहत होत्या आणि भिंतीत जात होत्या. कुठे घोट्याएवढ्या वाळूत पाय देऊन, कुठे दारातून पोर बाहेर देताना, कुठे नुसत्या दोघी बोलत. वाळू ती प्रत्येकीभोवती हाताच्या तळव्याने घासत होती, सढळ, पीठ पसरावं तशी. मधे मुंगळीला भूक लागली. ती तिथेच जमिनीवर बसून पाजायला लागली, उजवा हात मोकळा ठेवून, आणि बसल्या बसल्या खालच्या दोन जमिनी पुऱ्या केल्या.

किल्ल्यांचा आवाज आला. व्यवस्थापक लांबून, पाण्याच्या कडेकडेने आले. त्यांच्या मागे पट्टी घेतलेला फरशीवालाही होता, माप घ्यायला आलेला. ते थोडं अंतर ठेवून उभे राहिले, कारण ती पाजत होती, आणि भिंतीकडे पाहू लागले. किल्ल्या त्यांनी खिशात टाकल्या. तिचे दोन्ही हात काळे होते, लेकीच्या गालावर काळी बोटं उमटली होती, आणि तिच्या छातीत आता भीती अशी नव्हतीच. नुसतं कुतूहल होतं, आपल्या घरी पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याबद्दल असतं तसं.

"यात उंट नाही," व्यवस्थापक शेवटी म्हणाले.

"उंट बाहेर बांधलाय," सासूबाई म्हणाल्या. "आत कसा येईल? दार बघा केवढंसं आहे."

फरशीवाल्याने पट्टी मिटून खिशात घातली आणि तो पाण्यातल्या बायकांकडे न बघायचं म्हणून छताकडे बघत राहिला. व्यवस्थापक मात्र पुढे आले. चुलीशी बसलेल्या माणसाकडे त्यांची नजर गेली असावी, किंवा त्यामागच्या, तिने अजून न काढलेल्या अंधाराकडे. आत कोण आहे ते नीट बघायला म्हणून ते अगदी दारापाशी आले, तसे भलतेच उंच वाटले.

"जपून, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "उंबरा आहे."

आणि व्यवस्थापकांनी मान खाली घातली, एक हात वरच्या कोळशाच्या रेघेला लावला आणि पाय उचलला.